नेम

दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या गृहस्थाची खरी कसोटी कापडाच्या दुकानात लागत नाही. ती लागते खेळण्यांच्या दुकानापुढे. त्यातून आमचे गाव भिवंडी. येथे कापडाची काय मातब्बरी? रात्रंदिवस माग खटखटत असतात आणि घरोघरच्या भिंतींना त्या आवाजाची इतकी सवय झालेली असते, की वीज गेली आणि माग थांबले म्हणजे तान्ही मुले दचकून उठतात. तेव्हा कापड झटपट घेऊन होते. पण तीन बत्तीच्या बाजारात, आकाशकंदिलांच्या शेजारी दोरीला ओळीने टांगलेली पिस्तुले दिसली, की हाताशी असलेले मूल थबकते आणि त्याच्याबरोबर त्याच्या वडीलधाऱ्यालाही थबकावे लागते.

टिकल्यांचे पिस्तूल हे मराठी मुलाचे पहिले शस्त्र. पत्र्याचे असो की प्लॅस्टिकचे, त्यात तांबड्या टिकल्यांची गुंडाळी घातली, चाप ओढला, बारीकसा आवाज झाला आणि दारूचा तो खरपूस वास नाकात शिरला, की आपण कोणी तरी आहोत असे वाटू लागते. त्या पिस्तुलाने कोणी मरत नाही. मेलेला शत्रू लगेच उठतो आणि “आता माझी पाळी” असे म्हणतो. इतकी सोयीची लढाई पुढे आयुष्यात कधी मिळत नाही.

माझा भाचा यंदा अकरा वर्षांचा झाला. दिवाळीला बराच अवकाश असताना तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “मामा, तू मला बंदूक घेऊन देशील?”

“देईन की! टिकल्यांची मोठी गुंडाळीसुद्धा देईन.”

“ती नको. खरी. जिच्यानं पाखरू पडतं ती.”

त्याच्या आवाजात हट्ट असता तर मी हसून वेळ मारून नेली असती. शाळामास्तराला हट्टाची सवय असते. पण तो अगदी शांतपणे बोलत होता, आणि त्या शांतपणाचीच मला काळजी वाटली.

भाचा जूनपासून आमच्याकडे शिकायला आहे. ताईचे घर शहापूर तालुक्यात, तानसाच्या जंगलाच्या बाजूला. गेल्या माघात तिचे यजमान एकाएकी गेले. सकाळी शेतावर गेलेला माणूस दुपारी परत आला तो चौघांच्या खांद्यावर. त्यानंतर तेरा दिवस माणसे येत होती, बसत होती, चहा घेत होती आणि उठताना एकच वाक्य बोलत होती: “आयुष्याचा काही नेम नाही.” दुःखाच्या घरी दुसरे काय बोलणार? पण दाराच्या उंबऱ्यापाशी बसलेला हा मुलगा ते वाक्य दर वेळी ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते. हातात मात्र एक बेचकी होती आणि तिचे रबर तो सारखे ताणून सोडीत होता.

ही बेचकी घेऊनच तो भिवंडीला आला. तिकडे त्याची सोबत कातकऱ्यांच्या पोरांशी. त्या पोरांचा हात मोठा सफाईचा; पण ती मारतात ते चुलीवर जाते. खेळ म्हणून मारलेले पाखरू मी त्यांच्यापाशी कधी पाहिले नाही. आमच्या भाचेबुवांनी त्यांच्याकडून हात उचलला. पण त्या हातामागची भूक काही त्याला ठाऊक नव्हती. त्याला कसली तरी वेगळीच भूक लागली होती.

श्रावणातल्या एका रविवारी तो वऱ्हाळादेवीच्या तळ्यावरून घरी आला आणि त्याने ओंजळ उघडली. आत खंड्या होता. निळा रंग अजून जसाच्या तसा. फक्त मान एका बाजूला कललेली. “पहिल्याच दगडात,” तो म्हणाला. आमच्या सौभाग्यवती पोळ्या लाटीत होत्या. त्यांनी हात धुतले, तो पक्षी पदरात घेतला आणि मागच्या अंगणात तगरीच्या बुंध्याशी पुरला. रागाचा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. मुलगा बाजूला उभा राहून पाहत होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, “मामी, ह्याला कळलं असेल का, दगड येतोय म्हणून?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणापाशीच नव्हते. तो विचारीत होता ते त्या पाखराबद्दल नव्हे, एवढे मात्र मला कळले.

आणि आता त्याला बंदूक हवी होती! घरात खल सुरू झाला. सौभाग्यवतींचे मत, माकडाच्या हाती कोलीत देऊ नये. ताई फोनवर म्हणाली, “अरे, बाप गेल्यापासून पोरानं काही मागितलेलं नाही. हे पहिलंच मागतोय. पण मला भीती वाटते रे.” शेजारच्या वयोवृद्ध गृहस्थांनी १९७० चे आणि १९८४ चे दंगे या गावात डोळ्यांनी पाहिलेले. ते एवढेच म्हणाले, “मास्तर, भिवंडीच्या घरात बंदूक खेळण्यातलीसुद्धा नको.” तिघांचेही म्हणणे मला पटत होते, आणि तरी ‘नाही’ म्हणण्याचा धीर मला होत नव्हता. मागितलेली वस्तू नाकारता येते. पण मुलाने प्रथमच उघडलेले तोंड आपल्या हाताने बंद करायचे कसे?

प्रसंग पडला की मास्तर पुस्तकांकडे वळतो. मी आधी कायदा पाहिला. तिकडे अमेरिकेत कित्येक घरांत मूल दहाबारा वर्षांचे झाले, की बाप त्याला पहिली रायफल देतो आणि त्याला शिकारीला रानात घेऊन जातो. आपल्याकडे ती वाट केव्हाच बंद झाली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आज सर्वसाधारणपणे एकवीस वर्षे पुरी झाल्याखेरीज बंदुकीचा परवाना मिळत नाही. उरली ती साडेचार मिलिमीटरची, ठराविक जोराच्या आतली छऱ्याची बंदूक. ती परवान्याशिवाय मिळते. पण पाखरू तिनेही पडते. म्हणजे प्रश्न कायद्याने सुटला नाही. तो पुन्हा माझ्याच दारात येऊन बसला.

मग मला सलीम अलींची आठवण झाली. पक्षिशास्त्रात ज्यांचे नाव जगभर झाले, ते सलीम अली जन्मले मुंबईत, १८९६ साली. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली, आणि खेतवाडीतल्या घरी त्यांना वाढवले ते मामांनी, अमीरुद्दीन तय्यबजींनी. मामा स्वतः शिकारी. त्यांनीच या पोरक्या भाच्याच्या हाती छऱ्याची बंदूक दिली! हे वाचताना मी चष्मा काढून पुसला आणि तो परिच्छेद पुन्हा वाचला.

त्या बंदुकीने हा मुलगा चिमण्या मारीत असे. तबेल्यात एका भोकात चिमणीचे घरटे होते. दाराशी राखण करणाऱ्या नराला त्याने टिपले. तो मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर. मुलाने हे सारे लिहून ठेवले ते शिकारीच्या प्रौढीने. पुढे मोठेपणी त्याच टिपणाकडे त्यांनी निरीक्षण म्हणून पाहिले. मग १९०८ च्या सुमारास केव्हा तरी एक वेगळीच चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खावी की न खावी, असा त्याला प्रश्न पडला. त्याने ती मामांना दाखवली. मामांनाही तिची ओळख पटेना.

आता येथे दुसऱ्या कोणा मामाने काय केले असते? “असेल कसली तरी” म्हणून सांगितले असते आणि तो जेवायला बसला असता. अमीरुद्दीन मामांनी चिठ्ठी लिहिली आणि मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्डसाहेब यांच्याकडे पाठवले. मुलगा भीतभीतच गेला. साहेबाने चिमणी पाहिली, ती पीतकंठी चिमणी आहे असे सांगितले आणि मग एकामागून एक कप्पे उघडून, भुसा भरून ठेवलेले पक्षी त्याच्यापुढे मांडले. त्या दिवसापासून मुलाची वाट ठरली. ‘एका चिमणीचे पडणे’ अशा अर्थाचे नाव त्यांनी १९८५ साली आपल्या आत्मचरित्राला दिले, ते उगाच नव्हे.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सलीम अलींची बंदूक त्या दिवशी सुटली नाही. अभ्यासासाठी पक्षी टिपण्याचे काम त्यांनी पुढे वर्षानुवर्षे केले. तेव्हा ‘बंदूक टाकली आणि माणूस थोर झाला’ असे सुभाषित या गोष्टीतून काढता येणार नाही. बदलली ती बंदूक नव्हे, तिच्या टोकाशी असलेली वस्तू बदलली. आधी तेथे एक पाखरू होते. नंतर तेथे एक प्रश्न आला.

जिम कॉर्बेटची गोष्टही अशीच. त्याचाही बाप लहानपणीच गेलेला. त्याच्या हाती प्रथम बेचकी आली, मग धनुष्यबाण, आणि मग तोंडाने ठासायची एक जुनी दुनळी. तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने बांधून ठेवलेला होता. एकच बार हाताशी, आणि दारूगोळा तर मोजका. त्यामुळे उडवण्यापेक्षा पाहण्यातच पोराचा वेळ अधिक जाई. मोडक्या बंदुकीने त्याला जंगल वाचायला शिकवले. नरभक्षक वाघांमागे फिरलेल्या या माणसाने पुढे कॅमेरा हाती घेतला, आणि आज त्याचे नाव एका राष्ट्रीय उद्यानाला आहे.

आपल्या महाराष्ट्रात तर याहून नवलाची गोष्ट एकाच तालुक्यात घडली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातले राधानगरी आणि दाजीपूर म्हणजे एके काळी संस्थानिकांचे शिकारीचे रान. १९५८ साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. आणि त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफल घेऊन उभा राहिला. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने, अशा तीन तऱ्हांनी पन्नास मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरून त्याने कांस्यपदक जिंकले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून पदक आणले, त्यानंतर मराठी माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. ज्या रानात राजेरजवाड्यांच्या गोळ्यांनी जनावरे पडली, त्याच तालुक्यातल्या या मुलाच्या गोळ्यांनी एक मुंगीही मेली नाही.

येथवर आलो तेव्हा माझा गुंता सुटला. मुलासाठी बंदूक निवडायची म्हणजे खरे तर लक्ष्य निवडायचे. ते एकदा ठरले, की बंदूक आपोआप ठरते.

त्या रात्री मी भाच्याला विचारले, “तुला पाखरूच पाडायचं आहे, की नेम साधायचा आहे?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “नेम लागला ना, की तेवढ्यापुरतं बरं वाटतं.”

“पाखरू पडल्यावर?”

“नंतर नाही वाटत.”

पुढच्या रविवारी मी त्याला घेऊन ठाण्याकडच्या एका नेमबाजीच्या केंद्रावर गेलो. ज्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोला दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, ते आमच्यापासून काही कोसांवर. वाटेत मनातल्या मनात मी बंदुकीचा भाव करीत होतो. परदेशी बनावटीची रायफल लाखाच्या पुढे जाते, हे ऐकून होतो. आणि मास्तराच्या खिशाचा पल्ला दहा मीटरचासुद्धा नसतो.

तेथले शिक्षक माझ्याच वयाचे निघाले. मी म्हटले, “मुलासाठी पहिली रायफल घ्यायची आहे. कोणती घेऊ?” ते म्हणाले, “एवढ्यात कोणतीच नाही. पहिले वर्ष इथली वापरू दे. वाढतं पोर आहे. आज मापाची घेतलीत तर पुढच्या दिवाळीला आखूड होईल.”

मग त्यांनी भाच्याला समोर उभे केले. दोन्ही हात लांब करून, तळव्यांच्या मध्ये लहानशी फट ठेवून भिंतीवरचे घड्याळ पाहायला सांगितले, आणि एकेक डोळा मिटायला लावला. ज्या डोळ्याने घड्याळ जागचे हलत नाही, तो नेमाचा डोळा. भाच्याचा डावा निघाला. हात मात्र उजवा! अकरा वर्षे ज्या मुलाला आम्ही पाहत होतो, त्याची ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. नंतर दस्ता त्याच्या खांद्याला लावून पाहिला. मान न वाकवता गाल दस्त्यावर टेकला पाहिजे, आणि चापापर्यंत बोट सहज पोचले पाहिजे. वजनाचीही अशीच परीक्षा. रायफल उचलल्यावर मूल पाठीत मागे झुकले, तर ती त्याच्यासाठी जड. तोवर नळीला खालून आधार द्यायचा. बंदूक मुलाच्या मापाची पाहिजे. मुलाला बंदुकीच्या मापाचे करायचे नाही. मी मनात म्हटले, हे वाक्य आमच्या शाळाखात्यात कोणी तरी भिंतीवर लावायला हवे.

सरावाचे नियम त्यांनी तीनच सांगितले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजायचे. नळी लक्ष्याखेरीज कोठेही वळवायची नाही, रिकामी असली तरी. आणि नेम ठरेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. “पहिला महिना छर्रा मिळणार नाही,” ते भाच्याला म्हणाले. “नुसतं उभं राहायचं आणि श्वास मोजायचा. जमेल?” मला वाटले, पोर आता रुसणार. त्याने मान हलवली.

तो महिना त्याने खरोखर नेमाने काढला. रोज सकाळी शाळेआधी गच्चीवर काठी खांद्याला लावून तो उभा राही. खाली मागांची खटखट चालू असे. आमच्या गल्लीतल्या मागवाल्याने एकदा वर पाहून विचारले, “मास्तर, पोरगं काय करतंय?” मी सांगितले. तो म्हणाला, “मग आमचंच काम आहे की! हजार धाग्यांत तुटलेला एक धागा दिसला पाहिजे.” नेमबाजीची याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

आपल्या भाषेची मला कधी कधी मौज वाटते. बंदुकीचा तो नेम, आणि एकादशीला आजी धरते तोही नेमच. पावसाचा नेम नसतो, आयुष्याचा तर नसतोच. ज्याचा नेम नाही त्याच्या बाबतीत आपले काही चालत नाही, हे अकराव्या वर्षीच त्या पोराला कळून चुकले. उरलेले दोन तरी त्याच्या हाती असावेत, इतकेच माझे म्हणणे. ते माझ्यापाशी मागायला तो आला होता, फक्त त्याला त्या वस्तूचे नाव ठाऊक नव्हते. आपल्याकडे दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या खांद्यावर ठेवून, श्वास आवरून उभे राहणे ही गोष्ट वेगळी.

तेव्हा या दिवाळीत मी रायफल घेतलेली नाही. केंद्राची फी भरली आणि पाचशे छऱ्यांची एक डबी घेतली. भाचा ते छर्रे मोजून वापरतो आणि किती उडाले, किती कोठे लागले, हे एका वहीत लिहितो. बेचकी अजून त्याच्या दप्तरात आहे. ती काढून टाक, असे मी सांगितले नाही आणि सांगणारही नाही. परवा तो तळ्यावर गेला होता. परत आल्यावर मामीला म्हणाला, “आज दोन खंडे होते.” बस्स, तेवढेच.

छर्रे मिळाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्याने लक्ष्याचा पुठ्ठा घरी आणला. काळे वर्तुळ जेमतेम तीन सेंटिमीटरचे, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. मोहरीच्या दाण्याहून लहान! बहुतेक छर्रे काळ्याच्या बाहेर, पांढऱ्यातच गेले होते. एक मात्र बरोबर मध्ये.

“मामा, तो ठिपका दहा मीटरवरून दिसतच नाही,” तो म्हणाला.

“मग नेम कसा धरतोस?”

“सर म्हणाले, दिसत नसला तरी तिथंच आहे असं समजून बघत राहायचं. हलायचं नाही.”

मी काही बोललो नाही. तो पुठ्ठा त्याने वहीच्या दोन पानांत जपून ठेवला आहे. भाऊबीजेला आम्ही दोघे शहापूरला जाणार आहोत. ओवाळणीचे माझे पाकीट ताईला नेहमीचे आहे. यंदा तिच्या ताटात आणखी काय पडणार आहे, ते मात्र तिला अजून ठाऊक नाही.